आई आवरते तेव्हा तुम्ही कुठे असता?

पत्र :

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरी बायको, सात वर्षांची मुलगी आणि गेल्या महिन्यापासून आई. आई आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. बाबा गेल्यानंतर यंदा प्रथमच ती आमच्याकडे दिवाळीपर्यंत राहायला आली आहे.

माझ्याकडे पाच-सहाशे पुस्तकं आहेत. जवळजवळ सगळी माझीच. कपाटात दोन-दोन रांगा, बेडच्या बॉक्समध्ये, फ्रिजवर, खिडकीत. हवं ते पुस्तक वेळेवर कधीच सापडत नाही. आम्ही झोपल्यावर आई रोज एकेक कोपरा आवरते. ती बोलत काहीच नाही, पण बायको म्हणते, ‘न बोलता मला सुनावणं चाललंय हे.’ लहानपणी सकाळी उठलो की घर जागच्या जागी असायचं, तरी मला ती सवय लागली नाही. आता मुलगीही पुस्तकं कुठेही टाकून देते. आईला कसं थांबवू? पुस्तकं कशी लावू? आणि मुलीला शिस्त कशी लावू?

— एक वाचक, ठाणे

उत्तर :

तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि गाठ कुठे बसलीय तेही तुम्ही नकळत लिहून गेला आहात. लहानपणी ‘सकाळी उठलो की घर जागच्या जागी असायचं’ आणि आजही ‘आम्ही झोपल्यावर आई आवरते’. म्हणजे आवरलेलं घर तुम्ही रोज पाहिलंत, आवरताना आईला मात्र पाहिलंच नाही. नोकरी, स्वयंपाक, तुमचा अभ्यास हे सगळं उरकून त्या रात्री उशिरा हातात फडकं घेत असणार. तुमच्या हातात त्यांनी ते कधी दिलं नाही आणि तुम्हीही मागितलं नाही. आपल्याकडे कित्येक मुलगे असेच वाढतात. व्यवस्थितपणा हा आईचा स्वभाव आणि पसारा हा आपला स्वभाव, असं समजून ते संसाराला लागतात. मला हे पटत नाही. आवरणं हे काम आहे. ते शेजारी उभं राहून, बघून, करून शिकायचं असतं, आणि तुम्हाला शिकवणारी व्यक्ती सध्या तुमच्याच घरात मुक्कामाला आहे. तेव्हा आईला थांबवायचा विचार आधी डोक्यातून काढून टाका.

मात्र पुस्तकांना हात लावण्यापूर्वी एक काम आजच्या आज करायला हवं. घरात पसारा दिसला की बघणाऱ्याची नजर आधी घरातल्या बाईकडे वळते. तुमच्या पत्नीला हे पक्कं माहीत आहे. त्यामुळे सासूबाईंनी रात्री आवरलेला प्रत्येक कोपरा त्यांना सकाळी शेरा मारल्यासारखा दिसतो. सासूबाईंच्या मनात तसं काही नसेलही, पण ते स्पष्ट करायची जबाबदारी तुमची होती आणि महिनाभर तुम्ही गप्प आहात. दोघी समोर असताना म्हणा, ‘आई, हा पसारा माझा आहे, हिचा नाही. तो मीच आवरणार आहे, पण मला नीट येत नाही. मला तुझ्याबरोबर बसून शिकायचंय.’ एवढं बोला. त्यात विनोद आणू नका आणि ‘तुम्ही दोघी बघा काय ते’ असं तर मुळीच म्हणू नका.

आईला एक मर्यादाही सांगावी लागेल आणि ती मुलानेच सांगायची. पत्नीचं ऑफिसचं टेबल, तिचं कपाट आणि तुम्हा दोघांच्या उशाशी असलेली वाचायला काढलेली पुस्तकं, यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुमच्या आईने आयुष्यभर लोकांची पुस्तकं सांभाळली आहेत, हे त्यांना चटकन समजेल. आणखी एक. बाबा गेल्यानंतरचं हे पहिलं वर्ष आहे, घर नवं आहे, कदाचित रात्री झोप लागत नसेल. हाताला ओळखीचं काम मिळालं की बरं वाटतं माणसाला. ते काम काढून घेऊ नका. फक्त रात्री एकटीने करण्याऐवजी संध्याकाळी तुमच्याबरोबर होऊ दे.

त्यांना विचारा की वाचनालयात दिवस कसा संपायचा. देवघेव बंद झाली की त्या दिवशी परत आलेली पुस्तकं टेबलावर साठलेली असतात. ती फळीवर आपापल्या जागी गेल्याशिवाय कुलूप लागत नाही, कारण आज चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. तुमच्या घरात नेमकं हेच होत नाही. पुस्तक कपाटातून निघतं, सोफ्यावर, मग खिडकीत, मग फ्रिजवर जातं आणि तिथेच राहतं. म्हणून रोज जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं तुम्ही आणि आई मिळून त्या दिवशी बाहेर आलेली पुस्तकं आत ठेवा. पहिल्या आठवड्यात दुसरं काहीही करू नका. मांडणी सुधारायची नाही, वर्गवारी करायची नाही, फक्त परत ठेवायची. हे हाताला लागलं की मगच पुढचं.

मग कपाट. एखाद्या रविवारी पाच-सहाशे पुस्तकं एकदम खाली काढायचा मोह होईल. तो टाळा. दोन खोल्यांच्या घरात रात्री अंथरूण घालायला जागा उरणार नाही आणि सगळी पुस्तकं जशी येतील तशी परत कोंबली जातील. एका वेळी एकच फळी रिकामी करा, कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक पुस्तक हातात घेऊन बघा आणि फळी लागली की थांबा.

कोणत्या क्रमाने लावायची, यावर तुमचे आणि आईचे मतभेद होतील. वाचनालयाची पद्धत घरात जशीच्या तशी आणू नका. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत १८७६ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरातल्या ग्रंथालयांनी ती स्वीकारली, पण तिच्यात सगळं मराठी साहित्य ८९१.४६ या एका आकड्याच्या पोटात बसवलेलं आहे. तुमचं अर्धंअधिक कपाट त्या एकाच खणात जाईल. हजारो अनोळखी वाचक येतात तिथे अशा आकड्यांची गरज असते. घरात चार माणसं असतात आणि चौघांचे हात कुठे जातात हे आपल्याला ठाऊक असतं. त्यापेक्षा आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र घ्या : वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमात ही सूत्रं शिकवतात, तेव्हा आईला ती तोंडपाठ असतील. कोणतंही पुस्तक कुठे ठेवायचं असा प्रश्न पडला की दोघांनी एकच विचारायचं, हे घरात कोण शोधणार आणि कुठे शोधणार?

तसं विचारलंत की बरीचशी पुस्तकं आपोआप वाटली जातात. पाककृतींची पुस्तकं स्वयंपाकघरात, तेलाच्या हातापासून जरा लांब. शब्दकोश मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ. कविता जिथे तुम्ही रात्री बसता तिथे. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार हे पुस्तकांचं गाव २०१७ साली सुरू झालं, तिथे हीच युक्ती गावभर केलेली आहे. एका घरात इतिहास, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात बालसाहित्य. वाचणारा विषय शोधत त्या घरी जातो. दिवाळीच्या सुट्टीत आईला आणि मुलीला घेऊन जाऊन या. ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या बाईला ते गाव मनापासून आवडेल.

उरलेल्या मोठ्या कपाटात कादंबऱ्या, कथा, नाटकं, चरित्रं, प्रवास, इतिहास असे ढोबळ गट करा आणि प्रत्येक गटात लेखकाच्या आडनावाने अकारविल्हे लावा. इथे मराठीची एक खास अडचण येते, ती टोपणनावांची. कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, मग एकच माणूस ‘क’ मध्येही आणि ‘श’ मध्येही. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांचंही तेच. वाचनालयात याचे ठरलेले नियम असतात, नावानावांत एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी असतात. घरात एवढं नको. मी तर म्हणेन, ज्या नावाने आपण त्या माणसाची आठवण काढतो त्या नावाखाली त्याची सगळी पुस्तकं एकत्र ठेवावीत. आईचं मत वेगळं पडेल, आणि ते ऐकण्यासारखं असेल. पण शेवटी मांडणी तुमच्या डोक्याप्रमाणे करा. दिवाळीनंतर आई गावी परततील, तेव्हा पुस्तक परत ठेवताना तुम्हाला त्यांना फोन करावा लागता कामा नये. आईकडून निगा शिका, क्रम मात्र स्वतःचा ठेवा.

दोन रांगांबद्दल मी आग्रही आहे. मागची रांग म्हणजे अडगळ. ती कुणी वाचत नाही, पुसत नाही, आणि कसर लागली तर पहिल्यांदा तिथेच लागते. आपली बरीचशी मराठी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद असतात. त्यांना आठ-नऊ इंच खोलीची फळी पुरते. कपड्यांच्या कपाटाची फळी दीड-दोन फूट खोल असते, म्हणून पुस्तकं मागे-पुढे कोंबली जातात. शक्य असेल तर सुताराकडून भिंतीवर उथळ फळ्या करून घ्या. फळी तीन फुटांहून लांब नको, मध्ये बाक येतो. फूटभर लांबीत उभ्या लावलेल्या पुस्तकांचं वजन सहज सहा-सात किलो भरतं, तीन फुटांत वीस किलो, आणि ते वर्षानुवर्षं हलत नाही. सध्या खर्च नको असेल तर मागच्या रांगेखाली लाकडी पाट किंवा जाड ठोकळे ठेवून ती चार-पाच इंच उचला, निदान नावं तरी दिसतील. आणि कोणतीही फळी गच्च भरू नका. प्रत्येकीवर वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर नवीन आलेलं पहिलंच पुस्तक आडवं पडेल आणि आठवड्याभरात त्याच्यावर दुसरं.

निगेचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि इथे आईचा शब्द अंतिम माना. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी पोथी उतरवून काढणारे एक श्लोक लिहून ठेवत :

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळ आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच सांगतं आहे. ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात पाण्याचा धोका पहिला. बाहेरच्या भिंतीला पाठ लावून कपाट उभं करू नका, दोन-तीन इंच अंतर सोडा म्हणजे हवा खेळेल. सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून चार-सहा इंच वर हवी, लादी पुसताना पाणी उडतं. बेडच्या बॉक्समधली पुस्तकं आधी बाहेर काढा. तिथे वारा नाही, उजेड नाही, आणि वर्षभर त्यांची विचारपूस कुणी करत नाही.

जुन्या बांधणीत खळ वापरलेली असते आणि कसरीला ती खळच आवडते. वेखंडाच्या कांड्या, वाळवलेला कडुनिंबाचा पाला पातळ फडक्यात बांधून फळीच्या कोपऱ्यात ठेवा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे करतात. डांबरगोळ्या मात्र घरात लहान मूल असताना हाताशी लागतील अशा ठेवू नका. त्या विषारी असतात आणि खडीसाखरेसारख्या दिसतात. खरा इलाज पुस्तक वरचेवर हाताळणं हाच आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत फळीफळीने पुस्तकं बाहेर काढा, सावलीत उभी करून पानं जरा उघडी ठेवा आणि वारा लागू द्या. थेट उन्हात नको, कव्हरचा रंग उडतो आणि पाठीचा गोंद तडकतो. सुटलेली पानं चिकटपट्टीने जोडू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही खराब करते. रबरबँडही नको, तो वितळून चिकटून बसतो.

यातलं बरंच आईला पाठ आहे, पण त्या ते सांगतील असं नाही. हाताच्या सवयी माणूस शब्दांत सांगत नाही. म्हणून बघा. आई फळीवरून पुस्तक कसं काढतात ते एकदा जवळून बघा. आपण बहुतेकजण पाठीच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढतो, आणि पुस्तकं फाटायला सुरुवात होते ती तिथूनच. ग्रंथालयात वर्षानुवर्षं काम केलेली व्यक्ती दोन्ही बाजूंची शेजारची पुस्तकं बोटांनी हलकेच मागे ढकलते, मधलं पुस्तक पुढे राहतं, मग त्याची पाठ मध्यावर चिमटीत धरून बाहेर घेते. ठेवताना आधी दोन बोटांनी जागा करते, मग पुस्तक आत, मग सगळ्यांच्या पाठी फळीच्या कडेशी एका रेषेत आणते. तुम्हीही तसंच करा. आधी अवघडल्यासारखं होईल, मग हात आपोआप तसा जायला लागेल. तुमच्या आईची ही विद्या आहे, आणि त्यांच्याकडून ती अजून कुणी घेतलेली नाही.

मुलीच्या बाबतीत तुम्हाला फार काही करावं लागणार नाही, फक्त एक चूक टाळायची आहे. तुमच्या आईने प्रेमापोटी जे केलं, ते तुम्ही तिच्याबाबतीत करू नका. ती झोपल्यावर तिची पुस्तकं उचलू नका. संध्याकाळी तुम्ही आणि आजी परत ठेवत असताना ती तिथे असू दे. सात वर्षांच्या मुलीला ‘आवर’ म्हटलं की काय करायचं ते कळत नाही. ‘ही तीन पुस्तकं तुझ्या फळीवर ठेव’ हे कळतं. तिची फळी तिच्या कमरेच्या उंचीवर हवी. तिथे एका वेळी पंधरा-वीस पुस्तकंच असू द्यात, बाकीची वर. महिन्याने अदलाबदल केली की जुनी पुस्तकंही नवी वाटतात. ती रंगाने लावेल, मोठ्या-लहानाने लावेल, आवडत्या-नावडत्याने लावेल. लावू दे. तुमच्या फळीवर जसा तुमचा क्रम, तसा तिच्या फळीवर तिचा. आजीने रात्री उठून तो ‘नीट’ केला, तर पोरीचा त्यातला जीव निघून जाईल, हे आईला आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

आजी-नातीला मिळून एक काम द्या. दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात वाचनालयासारखी दाखल नोंद सुरू करा. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, आणि शेवटी दोन रकाने : कुणाला दिलं, कधी परत आलं. पेन्सिलने लिहायचं, घाई करायची नाही, रोज चार-पाच पुस्तकं. मुलीचं अक्षर वळेल, आजीला आपलं काम कुणीतरी समजून घेतंय असं वाटेल, आणि तुम्हाला तुमच्या घरात काय आहे ते पहिल्यांदा कळेल. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती सापडतील, तयार राहा. शेवटचे दोन रकाने विशेष जपा. मित्राकडे गेलेली पुस्तकं नोंदीशिवाय परत येत नाहीत, आणि मागायला आपल्यालाच संकोच वाटतो. वहीत तारीख असली की सहज विचारता येतं.

आता नको असलेल्या पुस्तकांचं. वीतभर जागा सोडायची म्हणजे काही पुस्तकं घराबाहेर जाणारच. दिवाळी अंकांपासून सुरुवात करा, कारण तुमच्या फ्रिजवर बहुधा तेच असतील. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या घरांत हे अंक साठत आले आहेत आणि टाकवत कुणालाच नाहीत. अनुक्रमणिका बघा. पुन्हा वाचाल अशी कथा किंवा लेख असेल तो अंक ठेवा. बाकीचे यंदाचे अंक येण्यापूर्वी सोसायटीत किंवा ओळखीच्या वाचणाऱ्यांना देऊन टाका. पुस्तकांसाठी आधी वाचनालयाला विचारा. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, शिवाय लहान वाचनालयं आणि शाळा आहेत. पण फोन करून, यादी दाखवून, त्यांना हवं असेल तेवढंच न्या. न विचारता नेलेली पोती त्यांना नाकारणं जड जातं आणि मग ती तिथेच कोपऱ्यात कुजतात. आईने असे कोपरे पाहिलेले असतील, त्यांना विचाराच. ज्यांची पानं गळाली आहेत, बुरशी धरली आहे आणि जी दुसरीकडे मिळू शकतात, ती रद्दीत द्यायला हरकत नाही. बाबांची सही असलेली, कुणी चार ओळी लिहून भेट दिलेली पुस्तकं मात्र आई समोर असताना बाजूला काढा. त्यांचं काय करायचं ते त्याच ठरवतील.

पत्राच्या शेवटी तुम्ही काचेच्या दाराचं विचारलं नाही, पण हल्ली प्रत्येकजण विचारतो म्हणून सांगते. काच लावली तर धूळ कमी बसते, पण पावसाळ्यात दमट हवा आतच कोंडते. लावणार असाल तर सरकती दारं लावा, कोरड्या दिवशी एका बाजूने उघडी ठेवा आणि मुलीच्या फळीला काच नको. घटस्थापनेची झाडलोट जवळ आली आहे. तोवर दोन फळ्या झाल्या तरी पुष्कळ, बाकीच्या दिवाळीनंतर.